पाणी अडलं कुठे?

घरचं एस्प्रेसो मशीन बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने. दिवे लागतात, मशीन तापतं, बटण दाबलं की आतून आवाज येतो, आणि कपात काही पडत नाही. पुण्यात बावधन, वाकड, उंड्रीकडच्या सोसायट्यांमध्ये अशी मशीन्स आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्या टाकीत पडणारं पाणी मात्र बरेचदा टँकरचं नाहीतर बोअरचं असतं. तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं, पण ते नंतर.

आमच्या घरात या प्रश्नावरून दोन पक्ष पडले. एका बाजूला माझी थोरली बहीण. तिची सगळी नोकरी आयटीआयमध्ये, इलेक्ट्रिशियन ट्रेडची शिल्प निदेशक म्हणून झाली. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, मशीन त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलं, आणि ज्याचं काम त्याने करावं, आपण आत हात घालू नये, हे त्याचं ठाम मत. दोघंही आपापल्या जागी विचार करून बोलत होते, म्हणून ते बोलणं इथे देते आहे. बहीण ती मावशी, मुलगा तो भाचा. मध्ये मध्ये माझंही म्हणणं आहे.

भाचा: मावशी, मी सर्व्हिस सेंटरला फोन करून ठेवलाय. वॉरंटी संपलीय. तपासायचे पैसे वेगळे, आणि पंप गेला असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, जुनं देऊन नवं घ्या म्हणाले. मला ते पटलं.

मावशी: पंप गेलाय हे फोनवर कळलं त्यांना?

भाचा: पाणी येत नाही म्हटल्यावर दुसरं काय असणार?

मावशी: अरे, टाकीतून निघालेलं पाणी कपात पडेपर्यंत किती ठिकाणांहून जातं बघ. टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह, मग रबरी नळी, मग पंप, मग पाणी तापवणारा थर्मोब्लॉक, त्यापुढे विजेवर उघडझाप करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि शेवटी हँडल बसतं त्याच्या वरची जाळी. यातलं एक जरी ठिकाण तुंबलं तरी कप कोरडा. त्यांनी मधलंच एक नाव उचलून सांगितलं.

भाचा: मग सुरुवात कुठून करायची? सगळं खोलून बघायचं?

मावशी: काहीही खोलायचं नाही. आधी ऐकायचं. दाब बटण.

(त्याने दाबलं. करकरीत, पोकळ असा खडखडाट झाला.)

मावशी: हा पंप जिवंत आहे. यात मोटर नसते. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या आत लोखंडी दट्ट्या आणि दट्ट्याला स्प्रिंग, एवढाच संसार. आपली वीज 50 हर्ट्झची. एका अर्ध्या फेऱ्यात कॉइल दट्ट्याला ओढते, दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात स्प्रिंग त्याला परत ढकलते. म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके. कॅफेतल्या मोठ्या मशीनला 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 पासून विजेच्या पंपाचा दाब मिळायला लागला. त्याआधी दांडा हाताने खाली ओढून स्प्रिंगच्या जोरावर दाब आणायचे. घरच्या मशीनमधला हा पंप तर तळहातावर मावेल एवढा, साधारण पन्नास वॅटचा. उल्का नावाच्या इटालियन बनावटीचे हे पंप कितीतरी ब्रँडच्या मशीन्समध्ये सापडतात.

भाचा: आवाज येतो म्हणजे तो चांगलाच आहे, असं कसं म्हणशील? पंख्याचा कपॅसिटर गेला की पंखासुद्धा नुसता घूं घूं करतोच की.

मावशी: बरोबर शंका काढलीस. म्हणून नुसता आवाज नाही, आवाजाची जात ओळखायची. दट्ट्या अडकला असेल तर बारीक गुणगुण येते, ठोका नसतो. पंपात पाणी असेल आणि पुढे रस्ता बंद असेल तर आवाज जड आणि दबका होतो. आणि आत पाणीच पोचलं नसेल तर आत्ता ऐकलास तसा मोठा, कोरडा खडखडाट. अजिबात आवाज नाही, तर मग वीज, स्विच किंवा थर्मल फ्यूज. तो विषय वेगळा, तिथे घरच्या माणसाने थांबायचं.

भाचा: म्हणजे आपलं पाणी पंपापर्यंतच येत नाहीये.

मावशी: निदान आत्ता तरी तसंच दिसतंय. टाकी काढ.

हा आवाजाचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला हत्यार लागत नाही, धोका नाही, आणि छापील पुस्तिकेत तो इतका उलगडून सहसा सापडत नाही. पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं, टाकीत पाणी आहे का ते तपासा, नसल्यास अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. या दोन वाक्यांच्या मधला सगळा भाग कोणी सांगतच नाही.

टाकी उलटी धरली की बुडाशी बोटाच्या पेराहून लहान असा प्लास्टिकचा खिळा दिसतो. खाली स्प्रिंग असते. टाकी नीट बसली की मशीनमधली छोटी नळी या खिळ्याला वर उचलते आणि पाण्याला वाट मिळते. टाकी किंचित तिरकी बसली, कडेला कॉफीचा दाणा अडकला, किंवा खिळ्याभोवती पांढरा थर चढून तो चिकटला, की भरलेल्या टाकीतूनही थेंब सुटत नाही. ताईने खिळा बोटाने दाबून पाहिला. तो सुटत होता, पण जरा ओढून. त्याच्या कडेला पिठासारखं पांढरं काहीतरी होतं. तिने ते नखाने खरवडून मुलाच्या हातावर ठेवलं आणि त्या वेळी काही बोलली नाही.

भाचा: टाकीत तो पाण्याचा फिल्टरही आहे. महिन्यापूर्वी नवीन टाकलाय.

मावशी: काढून ठेव तो. नव्या फिल्टरच्या दाण्यांत हवा अडकलेली असते. पाण्यात बुडवून बुडबुडे जाऊ दिले नाहीत तर तोच हवा सोडत राहतो. फिल्टरशिवाय पाणी आलं तर दोषी तो.

(फिल्टर काढला. टाकी बसवली. खडखडाट तसाच.)

भाचा: बघ. गेला अर्धा तास.

मावशी: आता नळीत हवा धरलीय. हा पंप पाणी ढकलण्यात वाघ आहे. छापील आकडा 15 बार असतो, एस्प्रेसोला 9 पुरतो. पण हवा ढकलायला सांगितलीस तर ती आतल्या आत दबते आणि परत फुगते, पुढे सरकत नाही. गावाकडे हापसा कोरडा पडला की वरून तांब्याभर पाणी ओततो ना, तसंच इथे करायचं. सिरिंज आहे का घरात? सुई नको, नुसती.

मशीनमध्ये टाकी जिथे टेकते तिथलं छोटं भोक तिने शोधलं, सिरिंजचं तोंड त्यावर घट्ट दाबलं आणि पाणी हळूहळू आत ढकललं. मग टाकी बसवली, वाफेच्या नळीची चावी पूर्ण उघडली. तिकडचा रस्ता सगळ्यात मोकळा असतो, हवेला तिथून निघायला सोपं जातं. पंप काही सेकंद चालवायचा, थांबायचं, पुन्हा चालवायचा. कोरडा पंप सलग चालवला तर कॉइल तापते आणि बाहेरचं संरक्षण त्याला बंद पाडतं. सलग किती वेळ चालवायचं आणि मग किती वेळ बंद ठेवायचं, ही मर्यादा या पंपांच्या अंगावरच लिहिलेली असते. पाण्यासह चालतानाची मर्यादा जर ही, तर कोरड्याला काय सूट द्यायची?

तिसऱ्या-चौथ्या खेपेला आवाज बदलला. खडखडाटाची जागा खोल, भरीव घरघरीने घेतली आणि वाफेच्या नळीतून फुसफुस करत पाणी आलं.

भाचा: आलं!

मावशी: इथून आलं. आता चावी बंद कर आणि वरून काढून बघ. हँडल लावू नकोस, नुसतं सोड.

(वरच्या जाळीतून दोन-चार थेंब पडले. पंपाचा आवाज जड, दबका झाला.)

मावशी: आता कळलं ना? टाकी, नळी, पंप, थर्मोब्लॉक, सगळं ठीक. अडलंय ते शेवटच्या टप्प्यात. सोलेनॉइड नाहीतर जाळी. टाकीत डोकावून बघ, ती बारीक नळी दिसते? तिच्यातून पाणी परत टाकीत पडतंय. दाब वाढला की जादा पाणी परत सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचं ते काम. पंप जोर लावतोय आणि पुढे रस्ता नाही, याची ती साक्ष.

भाचा: हे सगळं मला मान्य आहे. पण एक विचारतो. तुला हे येतं. मी नसतो आणि शेजारच्या काकू असत्या तर? त्यांनी सिरिंज घेऊन बसायचं? माझ्या वेळेचं सोड, धोक्याचं बोल. हे मशीन पाणी, वीज, वाफ आणि दाब एकाच डब्यात घेऊन बसलंय.

मावशी: सिरिंजमध्ये काय धोका आहे? प्लग काढून ठेवावा, पाणी भरावं.

भाचा: सिरिंजमध्ये नाही. पण माणूस सिरिंजवर थांबत नाही. पाणी येत नाही म्हणून गेल्या महिन्यात माझ्या एका मित्राने तसंच हँडल फिरवून काढलं. आत दाब कोंडलेला होता. उकळता चोथा छातीपर्यंत उडाला.

मावशी: हे मात्र तू अगदी खरं बोललास, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं.

इथे मी मुलाच्या बाजूने आहे. पाणी न येण्याच्या बिघाडात सगळ्यात मोठी इजा वीज करत नाही, ती कोंडलेला दाब करतो. हँडल लावलेलं आहे, पंप चालला, आणि कपात काही आलं नाही, याचा अर्थ पाणी आलंच नाही असा नसतो. ते कॉफीच्या वर दाबाखाली अडकून राहिलेलं असू शकतं. अशा वेळी बटण बंद करायचं, वाफेच्या नळीची चावी उघडून दाब जाऊ द्यायचा, मशीन चांगलं निवू द्यायचं, आणि मगच हँडल सावकाश फिरवायचं. फिरवताना चेहरा लांब ठेवायचा आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढायचं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्यांच्या मशीनमध्ये दाब परत सोडणारा सोलेनॉइड नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये तो नसतोच, त्यांनी रोजच्या वापरातही हँडल काढण्याआधी थोडं थांबायचं.

भाचा: आणि हँडलमधली कॉफी भरायची बास्केट? तिच्यात काही अडकलं असेल तर?

मावशी: म्हणून तर हँडल न लावता बघायला सांगितलं. हँडलशिवाय पाणी धो धो येतंय आणि हँडल लावल्यावर बंद, असं असेल तर मशीनला काहीच झालेलं नाही, कॉफी अडवतेय. आपल्याकडे याचं कारण ठरलेलं. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर लोक एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये दाबून भरतात. ती पावडर बारीक, आणि चिकोरीचा पाण्यात चिकट लगदा होतो. तिच्यातून दाबाने पाणी जात नाही. पितळी फिल्टरमध्ये तीच पावडर सुंदर उतरते, कारण तिथे घाई नसते.

भाचा: आणि माझ्या बास्केटला खालून एकच भोक आहे, तेही टाचणीएवढं.

मावशी: दुहेरी तळाची बास्केट. आतून पुष्कळ भोकं, बाहेरून एक. ते एक बुजलं की संपलं. उजेडाकडे धरून बघायचं, टाचणीने मोकळं करायचं. फोनवर पंप गेला म्हणून सांगितलेली किती मशीन्स या टाचणीने चालू होतील!

एस्प्रेसोखेरीज घरात दोन प्रकारची मशीन्स असतात, त्यांचंही इथेच सांगून टाकते. ठिबक मशीनमध्ये पंप नसतोच. खालच्या गरम पट्टीला चिकटलेल्या नळीत पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे ते वर चढवतात. ते मागे टाकीत येऊ नये म्हणून एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला किंवा नळीत क्षार भरले की नुसती गुरगुर ऐकू येते. कॅप्सूलच्या मशीनमध्ये कॅप्सूलला भोक पाडणाऱ्या सुईत कॉफी वाळून बसते. या दोन्हींचा उपायही शेवटी पाण्याशीच येऊन पोचतो.

मावशी: आता हाताला लावलेलं ते पांढरं आठव. ते टाकीच्या व्हॉल्व्हला आहे, म्हणजे सोलेनॉइडमध्ये नक्की आहे. तिथलं भोक तर त्याहून बारीक.

भाचा: पण मी आरओचं पाणी घालतो.

मावशी: कधीपासून?

भाचा: दोन-तीन महिने झाले. त्याआधी नळाचं.

मावशी: नळाचं म्हणजे टँकरचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण जडपणाची चांगली मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम दिलीय, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालेल असं म्हटलंय. माणसाला ते चालतं. मशीनला नाही. थंड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम तापवलं की विरघळलेलं राहत नाही, खडू होऊन धातूवर बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलटं. म्हणून जिथे पाणी तापतं तिथे आणि तिथून पुढे थर चढतो. तुझ्या गीझरची कॉइल काढून बघ एकदा.

भाचा: मग टीडीएस मीटरने मोजत राहिलं की झालं.

मावशी: टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, नुसता जडपणा नव्हे. त्यात मीठही धरलं जातं, आणि मीठ थर धरत नाही. सॉफ्टनरमधून काढलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण थर धरणारं कॅल्शियम गेलेलं असतं. सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय की नाही हे सेक्रेटरीला विचार, मीटरला नाही.

भाचा: आणि आरओ?

मावशी: आरओने थर थांबेल. पण अगदी कोरं पाणी कॉफीला चव देत नाही. कॉफीवाल्यांची जी जागतिक संघटना आहे, स्पेशालिटी कॉफी असोसिएशन, तिने कॉफीसाठी 150 मिलिग्रॅमच्या आसपासचा टीडीएस चांगला मानलाय, 75 ते 250 पर्यंत चालेल म्हणते. आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळ. एवढं पुरे.

भाचा: आता थर काढायला व्हिनेगर घालू? घरात आहे.

मावशी: तू काय म्हणतोस?

भाचा: मी म्हणेन नको. थर्मोब्लॉक बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो. आम्लात तो खरवडला जातो. वास राहतो तो वेगळाच. कंपनीचं डीस्केलर आणू. वाचूनच घालू.

मावशी: शाब्बास. पुस्तिकेत सायट्रिक ॲसिड चालतं असं लिहिलंय का बघ. लिहिलं असेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल चालेल. लिटरभर पाण्याला वीस-पंचवीस ग्रॅम, त्यापेक्षा कडक नको. आणि मशीन तापवायचं नाही. हे फार लोक चुकतात. त्यांना वाटतं गरम केलं की लवकर निघेल. सायट्रिक आम्लाने सुटलेलं कॅल्शियम गरम पाण्यात पुन्हा घट्ट होऊन खाली बसतं, कॅल्शियम सायट्रेट म्हणून. एक थर काढायला जाऊन दुसरा बसतो.

भाचा: हे मला माहीत नव्हतं.

पुस्तिकेत सायट्रिक ॲसिडला परवानगी होती. मुलानेच पाणी मोजून घेतलं. थोडं वाफेच्या नळीतून, थोडं वरून सोडलं, मशीन वीसेक मिनिटं तसंच ठेवलं, पुन्हा सोडलं. पहिल्यांदा वरच्या जाळीतून आलेलं पाणी पांढुरकं आणि फेसाळ होतं. जाळीचा एकच स्क्रू होता. तो काढून जाळी घासली, तर तिच्या पाठीवर कॉफीचं तेल आणि क्षार मिळून काळसर खरपूड धरलेली होती. दुसऱ्या फेरीत धार दोऱ्याएवढी झाली, मग भरीव. त्यानंतर दोन टाक्या साधं पाणी. आंबटपणा पूर्ण जाईपर्यंत, जिभेला लावून खात्री होईपर्यंत, कॉफी करायची नाही.

मावशी: आता सांग, एक्स्चेंज करणार?

भाचा: नाही. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, मावशी. आज नशिबाने थर सुटला. नसता सुटला तर तू मागचं पॅनल खोललं असतंस.

मावशी: खोललं असतं. प्लग काढून, मशीन निववून. दोन नळ्या आणि दोन वायरी काढल्या की सोलेनॉइड हातात येतो. धुवायचा, वायसर बदलायचा, परत बसवायचा. माझ्या पोरांना मी याहून अवघड कामं शिकवलीत.

भाचा: ती तुझी पोरं. त्यांनी दोन वर्षं घालवली. मी ते खोललं आणि एक वायर हीटरच्या अंगाला टेकून राहिली, तर? थर्मल फ्यूज जागेवरून सरकला तर? मशीन चालेल, छान चालेल, आणि एक दिवस थर्मोस्टॅट अडकल्यावर त्याला थांबवणारं कोणी नसेल. बाहेरून कळणारही नाही. आमच्याकडे चुकीचा कोड टाकला तर परत जुना टाकता येतो. इथे 230 व्होल्ट आहेत, आणि घराचं अर्थिंग बिल्डरने केलंय की नुसती तिसरी पिन लावलीय हेसुद्धा मला माहीत नाही.

मावशी: अर्थिंग तपासून घे. ते मशीनसाठी नाही, तुमच्या सगळ्यांसाठी. पण म्हणून मशीन फेकायचं?

भाचा: फेकायचं नाही. खोलायचंही नाही. ज्याला येतं त्याच्याकडे द्यायचं.

मावशी: कोणाकडे? सर्व्हिस सेंटर नवं घ्या म्हणतं. कोपऱ्यावरचा मिक्सरवाला करेल, त्याला अक्कल आहे, हात आहे. त्याला सोलेनॉइड कोण देणार? आकृती कोण देणार? तुझं खरं आहे की सगळ्यांनी खोलू नये. मग जो खोलू शकतो त्याला तरी सुटे भाग मिळायला नकोत?

या टप्प्यावर दोघांचं भांडण मिटलं नाही, पण भांडण कोणाशी आहे ते ठरलं: सुटे भाग न देणाऱ्या कंपन्यांशी. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं, जिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. कॉफी मशीन घरगुती वस्तूंतच मोडतं. युरोपियन युनियनने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला, पण त्यातल्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, फोन आहेत, कॉफी मशीन नाही. म्हणजे जिथे हे यंत्र जन्माला आलं त्या खंडातही त्याच्या मालकाला या निर्देशाचा थेट आधार नाही.

माझं मत मी लपवत नाही. टाकी, फिल्टर, हवा, जाळी, बास्केट आणि थर, इतकं प्रत्येक मालकाला यायलाच हवं, आणि पाणी न येण्याच्या तक्रारी पुष्कळदा याच्या आतच सुटतात. मागच्या पॅनलचे स्क्रू ज्याने विजेचं काम शिकलेलं नाही त्याने काढू नयेत, इथे माझा मुलगा बरोबर आहे. पण त्या स्क्रूंच्या पलीकडचं काम करणारा कारागीर शहरात असताना त्याच्या हाती पंप, सोलेनॉइड, वायसर आणि जोडणीची आकृती न देणं हे कंपन्यांचं वागणं चुकीचं आहे. चांगल्या धातूची, चांगल्या पंपाची वस्तू दोन चमचे खडूपायी मोडीत निघते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा नवं मशीन घ्यायला जाल तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी विचारा. पंप आणि सोलेनॉइड सुटे मिळतात का, किती वर्षं मिळतील, आणि थर काढायला कोणतं आम्ल चालतं. उत्तर लेखी मागा. देता येत नसेल तर ते मशीन घेऊ नका.